चूक बोटांची नव्हती, आकृतीची होती

वाचकहो, शिक्षकाची चूक शिक्षकाने स्वतःच सांगितलेली बरी. म्हणून आजच्या लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो.

आमच्या शाळेत मराठीच्या तासानंतर काही मुले गाण्यासाठी थांबतात. हार्मोनियम आणि ढोलकी आहेच. पण आता पुष्कळ घरांत गिटारही आली आहे. या बेटावर मुले लहानपणापासून सेगा ऐकतात, गिटारीचा नाद त्यांच्या कानात बसलेला असतो. मराठी गाण्यालाही तिची साथ हवी असे त्यांना वाटले, तर त्यात वावगे काही नाही. या मुलांसाठी मी कॉर्डच्या आकृत्यांचे एक पान तयार केले. पूर्वी मी फळ्यावर आकृत्या काढीत असे आणि मुले त्या वहीत उतरवून घेत. पण उतरवताना एखादा ठिपका एक घर सरकला, की ती चूक वहीत कायमची बसे. तेव्हा हे काम संगणकाकडून करून घ्यावे असे ठरवले. एक छोटा प्रोग्राम लिहिला, सुबक पान छापून निघाले, आणि मी मोठ्या समाधानाने ते वाटून टाकले.

दोन आठवडे गेले. अकरा वर्षांची एक मुलगी गिटार पिशवीत घालून माझ्याकडे आली. गिटार तिच्या मामाची होती आणि ती त्याला परत करायला निघाली होती. मी कारण विचारले. खाली मान घालून ती म्हणाली, "गुरुजी, माझी बोटे लहान आहेत, म्हणून डी कॉर्ड वाजत नाही."

मी म्हटले, "वाजवून दाखव पाहू." तिने तर्जनी दुसऱ्या पडद्यावर तीन बारीक तारांवर आडवी टाकली आणि दुसरे एक बोट तिसऱ्या पडद्यावर ठेवायचा प्रयत्न केला. तारेतून सूर निघेना, नुसता टक् टक् आवाज होई. मी विचारले, "बोट असे आडवे टाकायला तुला कोणी सांगितले?" तिने माझेच पान पुढे केले. डीच्या आकृतीत तीन तारांवर काळी आडवी पट्टी स्पष्ट छापलेली होती.

ती पट्टी तेथे नको होती. सराव झालेला वादक तसेही वाजवू शकेल; पण नवख्या मुलाला ही कॉर्ड तीन वेगळ्या बोटांनीच शिकवतात. दोन आठवडे ती मुलगी स्वतःच्या बोटांना दोष देत राहिली. चूक बोटांची नव्हती, आकृतीची होती. आणि आकृती माझी होती.

ही चूक कशी झाली आणि ती कशी सुधारली, हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे. ज्यांनी गिटार कधी हातात घेतली नाही त्यांनाही तो कळावा, असा प्रयत्न करतो. बेरीज, भागाकार आणि हार्मोनियमची थोडी ओळख एवढे भांडवल पुरे आहे.

आकृती म्हणजे काय?

गिटारीला सहा तारा असतात. मानेवर धातूच्या आडव्या कांबी बसवलेल्या असतात. सतारीप्रमाणे आपण त्यांना पडदे म्हणू. तार ज्या पडद्यामागे दाबावी, त्याप्रमाणे सूर चढतो. एक पडदा म्हणजे हार्मोनियमची एक पट्टी, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून. तीन किंवा अधिक सूर एकदम वाजवले की कॉर्ड होते.

कॉर्डच्या आकृतीत गिटार आपल्यासमोर उभी धरली आहे अशी कल्पना असते. सहा उभ्या रेषा म्हणजे तारा. सर्वांत डावी रेषा जाड तारेची, सर्वांत उजवी बारीक तारेची. आडव्या रेषा म्हणजे पडदे. काळा ठिपका असेल तेथे बोट ठेवायचे. रेषेच्या डोक्यावर शून्य असेल तर ती तार खुली वाजवायची, फुली असेल तर वाजवायचीच नाही. बोटांना क्रमांक असतात: तर्जनी १, मध्यमा २, अनामिका ३, करंगळी ४. पियानोच्या पुस्तकात मात्र अंगठ्याला १ म्हणतात. त्यामुळे जो मुलगा आधी कीबोर्ड शिकला असेल, त्याला हा फरक पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा.

कॉर्ड अंकांनी लिहिण्याची कल्पना काही नवी नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कॅटलोनियातले एक वैद्य, होआन कार्लेस अमात, यांनी पाच जोडतारांच्या गिटारीवर एक पुस्तिका लिहिली. तीत बारा मेजर आणि बारा मायनर कॉर्डना १ ते १२ असे क्रमांक दिले होते. १६०६ साली फ्लॉरेन्समध्ये जिरोलामो मोंतेसार्दो यांनी अंकांऐवजी अक्षरांची पद्धत छापून प्रसिद्ध केली. सामान्य माणसाला सोप्या खुणेवरून साथ करता यावी, हाच हेतू त्या काळीही होता. संगणकाने त्याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले आहे.

सहा अंकांची कॉर्ड

संगणकाला चित्र कळत नाही, अंक कळतात. म्हणून प्रत्येक कॉर्ड सहा खुणांनी लिहायची, जाड तारेपासून बारीक तारेकडे. सी मेजर अशी होते:

× ३ २ ० १ ०

जाड तार वाजवू नका, दुसरी तार तिसऱ्या पडद्यावर दाबा, तिसरी दुसऱ्या पडद्यावर, चौथी खुली, पाचवी पहिल्या पडद्यावर, सहावी खुली. (गिटारवादक तारा बारीक बाजूकडून मोजतात; या लेखात मात्र आकृतीच्या क्रमाने, डावीकडून मोजतो.) एका आकृतीत जे सारे असते ते या सहा खुणांत आले.

येथे मी पहिल्यांदा ठेचकाळलो. खुणा एकमेकींना चिकटवून लिहिल्या तर नवव्या पडद्यापर्यंत काम चालते. पण हीच सी कॉर्ड आठव्या पडद्यावरून वाजवायची तर अंक होतात ८, १०, १०, ९, ८, ८. चिकटवून लिहिले की ८१०१०९८८ अशी आठ अंकांची संख्या होते, आणि १० हा दहावा पडदा की एक आणि शून्य, हे संगणकाला कळत नाही. म्हणून मध्ये मोकळी जागा किंवा स्वल्पविराम हवा. शुद्धलेखनाचे महत्त्व मुलांना आपण नेहमी सांगतो. येथे ते मला संगणकाने सांगितले.

सा, ग, प आणि घड्याळ

आता खरी गंमत. दिलेले सहा अंक बरोबर आहेत की नाहीत हे संगणक स्वतः तपासू शकतो.

हार्मोनियमवर एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या असतात. त्यांना ० ते ११ अंक देऊ. पांढरी एक, म्हणजे इंग्रजीतली सी, ही ०. मेजर कॉर्ड म्हणजे दुसरे काही नसून आपले सा, शुद्ध ग आणि प. सा ० धरला तर शुद्ध ग ४ वर येतो आणि प ७ वर. मायनर कॉर्डमध्ये शुद्ध ग ऐवजी कोमल ग, म्हणजे ४ ऐवजी ३. सी मेजरचे सूर झाले ०, ४ आणि ७.

गिटारीच्या खुल्या तारांचे सूर जाड तारेपासून इ, ए, डी, जी, बी, इ असे असतात. अंकांत ४, ९, २, ७, ११, ४. आता नियम एकच: खुल्या तारेच्या अंकात पडद्याचा अंक मिळवा, १२ ने भागा आणि बाकी पाहा. घड्याळासारखेच आहे, ९ वाजल्यानंतर ३ तासांनी १२ वाजतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

सी कॉर्ड तपासू. दुसरी तार: ९ अधिक ३ म्हणजे १२, बाकी ०. तिसरी: २ अधिक २ म्हणजे ४. चौथी खुली: ७. पाचवी: ११ अधिक १ म्हणजे १२, बाकी ०. सहावी खुली: ४. आले ०, ४, ७, ०, ४. सा, ग आणि प. बाहेरचा सूर एकही नाही. समजा तिसऱ्या तारेवरचा ठिपका चुकून एक घर खाली गेला. मग २ अधिक ३ म्हणजे ५ येईल. ५ तर ०, ४, ७ मध्ये नाही. प्रोग्राम लगेच सांगतो की या आकृतीत चूक आहे. फळ्यावरून वहीत उतरताना जी चूक कायमची बसत असे, ती येथे छापण्याआधीच पकडली जाते.

घरी मुलांकडून एक उदाहरण करून घ्या. जी मेजर अशी लिहितात: ३ २ ० ० ० ३. उत्तरात ७, ११ आणि २ याखेरीज दुसरा अंक येता कामा नये.

शेहेचाळीस हजारांतून तीन

मग मनात आले, कॉर्ड आपण सांगण्याऐवजी संगणकालाच शोधायला लावली तर?

फक्त पहिले चार पडदे घेऊ. प्रत्येक तारेला सहा पर्याय: न वाजवणे, खुली वाजवणे, किंवा पहिल्या ते चौथ्या पडद्यावर दाबणे. सहा तारा, प्रत्येकीला सहा पर्याय. सहाचा सहा वेळा गुणाकार केला की ४६,६५६ जुळण्या होतात. माणूस त्या तपासू लागला तर दिवसच्या दिवस जातील, संगणक क्षणात तपासतो.

त्यांतून सी मेजरच्या बाहेरचा सूर असलेल्या जुळण्या काढून टाकल्या की फक्त १४४ उरतात. हे कागदावरही करता येते. ०, ४, ७ यांपैकी सूर देणाऱ्या जागा जाड तारेवर दोन आहेत, खुली आणि तिसरा पडदा. सर्वांत बारीक तारेवरही त्याच दोन. मधल्या चार तारांवर प्रत्येकी एकच. न वाजवण्याचा पर्याय प्रत्येक तारेला जोडा: ३ × २ × २ × २ × २ × ३ म्हणजे १४४. एकही तार न वाजवणे हाही त्यातलाच एक प्रकार! संगणकाला एवढेही शहाणपण नसते, ते आपणच द्यावे लागते.

म्हणून आणखी तीन नियम घातले. वाजणाऱ्या तारांच्या मध्ये मुकी तार नसावी. निदान चार तारा वाजाव्यात. सर्वांत खालचा सूर सा असावा. आता किती उरल्या? केवळ तीन: × ३ २ ० १ ०, × ३ २ ० १ ३ आणि × ३ २ ० १ ×. पहिली तर प्रत्येक पुस्तकात असते. दुसरीत बारीक तारेवर करंगळी जाते आणि प वरच्या बाजूला ऐकू येतो. तिसरीत बारीक तार गप्प राहते. संगीताचे पुस्तक न उघडता, चार नियमांवरून संगणक नेमका तेथे येऊन पोहोचला हे पाहून मला खरोखर आनंद झाला.

पण गर्व करण्याचे कारण नव्हते. ३ ३ २ ० १ ० ही जुळणी पुष्कळ वादक आवडीने वाजवतात. तीत सर्वांत खाली प येतो, म्हणून माझ्या नियमाने ती बाहेर टाकली. नियम चुकीचा नव्हता, पण तो नवशिक्याचा नियम होता. आपण लिहिलेला नियम आपल्यालाच किती अपुरा आहे, हे कळायलाही असा प्रोग्राम उपयोगी पडतो.

रेषा सहा, घरे पाच

अंक बरोबर आले की चित्र काढायचे. त्यासाठी एसव्हीजी नावाची पद्धत आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ती २००१ साली मान्य केली. चित्र रंगवण्याऐवजी 'येथून तेथपर्यंत रेषा', 'येथे एवढा गोल' असे शब्दांत लिहून ठेवायचे. असे चित्र वहीच्या कोपऱ्यात मावेल एवढे छापा किंवा भिंतीवर लावण्याएवढे मोठे करा, ते पुसट होत नाही. ज्या मुलाला लांबचे नीट दिसत नाही त्याच्यासाठी मी पानभर एकच आकृती छापतो. प्रोग्राम लिहिला पायथन या भाषेत. तीही १९९१ पासून सर्वांसाठी मोफत आहे.

तारांमध्ये १२ मापांचे अंतर ठेवले. पहिली रेषा २० वर, मग ३२, ४४, ५६, ६८ आणि ८०. नवखा माणूस येथे हमखास चुकतो: सहा रेषांमध्ये घरे पाचच असतात, म्हणून चौकटीची रुंदी सहा बारे बहात्तर नाही, पाच बारे साठ. चार पडद्यांची घरे दाखवायला आडव्या रेषाही पाच लागतात. माझ्या पहिल्या आकृतीत ठिपके थेट पडद्याच्या रेषेवर पडले होते; मुलाने तसे बोट धातूवर ठेवले तर सूर दबून जाईल. ठिपका घराच्या मध्ये यावा म्हणून अर्धे घर वजा करावे लागले.

सर्वांत वरची रेषा जाड असते, ती मानेच्या टोकाची पट्टी. कॉर्ड मानेवर खूप खाली असेल तर ही जाड रेषा काढायची नाही, तिच्याऐवजी बाजूला पडद्याचा क्रमांक लिहायचा. उदाहरणार्थ ए मेजर ५ ७ ७ ६ ५ ५ अशी वाजवली तर आकृतीशेजारी ५ हा अंक हवा. तो राहिला तर मुलगा पहिल्या पडद्यापासून मोजेल आणि कॉर्ड भलतीच लागेल.

आडव्या पट्टीची चूक

आता माझ्या चुकीकडे येतो. काही कॉर्डमध्ये तर्जनी आडवी टाकून अनेक तारा एकदम दाबाव्या लागतात. फ्रेंच पुस्तकांत त्याला 'बारे' म्हणतात. एफ मेजर तशी आहे: १ ३ ३ २ १ १. सहाही तारा दाबायच्या आणि बोटे चार. एक बोट आडवे टाकल्यावाचून गत्यंतर नाही.

मी प्रोग्रामला सांगितले होते, 'सर्वांत वरचा दाबलेला पडदा दोन किंवा अधिक तारांवर आला तर आडवी पट्टी काढ.' एफसाठी ते बरोबर आले आणि मी निर्धास्त झालो. पण डी मेजर आहे × × ० २ ३ २. तेथे दुसरा पडदा दोनदा येतो. संगणकाने नियम पाळला आणि पट्टी ओढली. ए मेजर, × ० २ २ २ ०, हिच्यावरही ओढली. इ मायनर, ० २ २ ० ० ०, ही तर नवशिक्याची सर्वांत सोपी कॉर्ड, तिच्यावरही पट्टी!

ध्यानात घ्या, सुरांच्या तपासणीत या तिन्ही आकृत्या उत्तीर्ण झाल्या होत्या. डीचे सूर २, ६ आणि ९ असायला हवेत, ते तसेच होते. गणित बरोबर, सूर बरोबर, छपाई स्वच्छ. आणि तरीही मुलीच्या हातात कॉर्ड लागत नव्हती. कारण सूर कोणते हे मी तपासले होते, हात कसा बसतो हे तपासले नव्हते.

पहिली दुरुस्ती अशी केली की दाबायच्या तारा चारांपेक्षा अधिक असतील तरच पट्टी काढावी. डी, ए आणि इ मायनर सुधारल्या. बी मायनर, × २ ४ ४ ३ २, हिच्यात पाच तारा दाबायच्या असतात. तेथे पट्टी आली, ती योग्यच. पण लहान एफ, × × ३ २ १ १, येथे हाही नियम पडला. दाबायच्या तारा चारच असल्या तरी बहुतेक वादक बाजूबाजूच्या दोन बारीक तारा तर्जनीनेच दाबतात.

शेवटी तर्क करण्याचे काम संगणकाकडून काढूनच घेतले. आता प्रत्येक कॉर्डला मी दोन ओळी देतो: पहिलीत पडदे, दुसरीत बोटे. डीची बोटांची ओळ आहे ० ० ० १ ३ २. लहान एफची आहे ० ० ३ २ १ १. एकच बोट एकाच पडद्यावर दोनदा आले तरच पट्टी. ही दुसरी ओळ मी स्वतः गिटार हातात घेऊन भरतो. वेळ लागतो, पण जे हातालाच ठाऊक असते ते हातालाच विचारावे लागते.

जे वाचक हे सारे स्वतः लिहू इच्छित नाहीत त्यांच्यासाठी तयार साधनेही आहेत. मार्टिन लेक्लेर आणि मारिओ डोरिऑन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जी पद्धत काढली, ती आज कॉर्डप्रो या नावाने चालते; गाण्याचे शब्द, कॉर्ड आणि आकृत्या एकाच पानावर येतात, आणि तिच्यातही पडद्यांबरोबर बोटांचे क्रमांक देण्याची सोय आहे. दोन डच संगीतकारांनी १९९६ साली सुरू केलेला लिलिपाँड हा मोफत प्रोग्राम स्वरलिपीबरोबर गिटारीच्या आकृत्याही काढतो.

लहान हात आणि लांब मान

त्या मुलीच्या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे, तीही सांगतो. आकृतीत सर्व घरे सारखी दिसतात. गिटारीवर ती सारखी नसतात. पडदे जसजसे वाजवण्याच्या बाजूला सरकतात तसतसे जवळजवळ येतात. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असलेल्या गिटारीवर पहिला पडदा टोकापासून सुमारे ३६ मिलिमीटरवर असतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ वर. पहिल्या ते चौथ्या पडद्याचे अंतर सुमारे ९८ मिलिमीटर भरते. नवव्या ते बाराव्याचे मात्र ६१ किंवा ६२. आकृतीत दोन्ही ताण सारखेच दिसतात.

म्हणजे लहान हाताची तक्रार अगदीच खोटी नसते. अशा वेळी मानेवर कॅपो लावावा. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. त्याच्यापुढे घरे लहान होतात आणि आकृती तीच राहते. गायकालाही त्याचा लाभ होतो. आपली वडील मंडळी 'काळी एक घ्या' किंवा 'पांढरी चार घ्या' असे सांगतात. काळी एक म्हणजे १. सीच्या कॉर्ड वाजवणाऱ्याने कॅपो पहिल्या पडद्यावर लावला की झाले. पांढरी चार म्हणजे ५. डीच्या कॉर्ड येत असतील तर डीचे २ वजा करा, कॅपो तिसऱ्या पडद्यावर. ही वजाबाकी प्रोग्राम करतो आणि आकृतीखाली 'कॅपो ३' असे छापतो.

डावखुऱ्या मुलांसाठी तर हे काम फारच सोपे झाले. पूर्वी त्यांना आकृती आरशात पाहिल्यासारखी उलटी समजून घ्यावी लागे, आणि फळ्यासमोर ती बिचारी गोंधळून जात. आता सहा अंक उलट्या क्रमाने दिले की त्यांचे पान वेगळे छापून निघते.

आणखी एक अडचण आपल्या बेटावरचीच आहे. मुले काही पुस्तके इंग्रजीत वाचतात, काही फ्रेंचमध्ये. फ्रेंचमध्ये सुरांची नावे दो, रे, मी, फा, सोल, ला, सी. इंग्रजी सी म्हणजे फ्रेंच दो, आणि फ्रेंच सी म्हणजे इंग्रजी बी. देवनागरीत दोन्ही 'सी' सारखेच! एका मुलाने वहीत नुसते 'सी' लिहिले होते, ते कोणते हे त्यालाच सांगता येईना. शिवाय फ्रेंच रे एका जागी पक्का असतो, आपला रे मात्र सा ठेवाल तसा सरकतो. आता प्रोग्राममध्ये फक्त अंक असतात आणि छापताना शेजारी दोन्ही नावे येतात: 'सी, फ्रेंच दो'. अंकाला भाषेचा गोंधळ नाही.

शेवटी दोन शब्द

सुधारलेले पान मी सर्व मुलांना दिले आणि जुने परत मागून घेतले. चूक कोठे होती आणि कोणाची होती, हे वर्गासमोर सांगितले. गुरुजींची चूक निघाल्याचा मुलांना झालेला आनंद काही लपला नाही. त्या दिवसापासून एक नियम केला आहे: कोणतीही नवी आकृती आली की आधी मुलांनी पाटीवर बेरीज करून बाकी काढायची, मग हातावर वाजवून पाहायची. दोन्हींत उतरली तरच ती वहीत चिकटवायची. काही दिवसांतच एका मुलाने फ्रेंच पुस्तकातली एक आकृती तपासून तीत एक ठिपका चुकीच्या घरात असल्याचे दाखवले. गणिताच्या तासाला बाकी काढायला कंटाळणारा तो मुलगा!

पालकांना एवढेच सांगायचे आहे. मुलाला एखादी गोष्ट जमत नसेल तर 'तुला येत नाही' असे चटकन म्हणू नका. आधी त्याच्या हातातला कागद पाहा. छापील दिसते म्हणून ते खरेच असते असे नाही, आणि संगणकातून निघाले म्हणून तर मुळीच नाही.

त्या मुलीने गिटार मामाला परत केली नाही. तीन बोटांची डी तिला दुसऱ्याच दिवशी लागली. एफ मात्र अजून अडते. पण ती सगळ्यांनाच अडते, हे तिला आता ठाऊक आहे.